हंगामी घराची पंचाहत्तर वर्षे

कोपी उभी करायला एक दुपार पुरते. नवरा-बायको दोघे असले, बांबू आणि चटया वेळेवर हाती आल्या आणि जमीन फार दगडाळ नसली, तर दिवस मावळायच्या आत चूल पेटते. आधी जागा झाडून काढायची, ढेकळे फोडून सपाट करायची. बांबू रोवायचे, वाकवून बांधायचे, त्यावर बांबूच्या चटया अंथरायच्या, चटयांवर पाचट, आणि अलीकडे पाचटावर ताडपत्री. आत आठ-दहा फूट लांबी-रुंदीची जागा मिळते. मधोमध उभे राहता येते, कडेला वाकावे लागते. दाराच्या जागी जुने लुगडे किंवा पोते लोंबत असते. खिडकी नसते. खालची जमीन शेणाने सारवून घेतली की धान्याची पोती एका कडेला, भांडी दुसऱ्या कडेला, उरलेल्या जागेत माणसे. बाहेर तीन दगडांची चूल, शेजारी बांधलेले बैल, आणि चार काठ्यांना साडी गुंडाळून केलेली न्हाणी. कार्तिकात उभे राहिलेले हे घर चैत्रात मोडते. पुढच्या कार्तिकात ते पुन्हा उभे राहते, कधी त्याच कारखान्यावर, कधी तीनशे किलोमीटर दूर.

या पुस्तकाचा विषय हे घर आहे. ऊसतोड मजुरांविषयी मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. उचल, मुकादम, तोडणीचा दर, संप, लवाद, मुलांची शाळा यांवर अहवाल आहेत, कथा-कादंबऱ्या आहेत, वर्तमानपत्रांच्या हंगामी पुरवण्याही आहेत. या सगळ्या लेखनात कोपी येते ती एका हळहळीच्या वाक्यापुरती: उघड्यावर, पाचटाच्या झोपडीत, हालअपेष्टांत. मग लेखक मुख्य मुद्द्याकडे वळतो. मला वाटते, कोपी हाच एक मुख्य मुद्दा आहे. बॉयलर आणि गव्हाण यांच्याइतकीच ती साखर उद्योगाच्या रचनेचा भाग आहे. तिच्यावाचून आजच्या दरात ऊस तुटला नसता आणि साखर झाली नसती. पंचाहत्तर वर्षे ती तात्पुरती राहिली, कारण ती तात्पुरती राहण्यात फार जणांची सोय होती.

विषय समजून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्याइतकी योग्य जागा नाही. क्षेत्रफळाने हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेला. नाव २०२४ मध्ये अधिकृतपणे बदलले, पण माणसे अजून बोलताना ‘उत्तर नगर’ आणि ‘दक्षिण नगर’ असेच म्हणतात, आणि त्या दोन शब्दांत सगळी आर्थिक कहाणी येते. उत्तरेला प्रवरा आणि गोदावरीचे कालवे आहेत. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या पाण्यावर राहाता, श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या भागांत ऊस उभा राहिला. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, शेवगावचा काही भाग: बालाघाटच्या रांगा, हलकी जमीन, पर्जन्यछायेचा प्रदेश, बाजरी-ज्वारीचे एक पीक आणि तेही पावसाच्या मर्जीवर. पाथर्डीच्या डोंगरापलीकडे बीडचे आष्टी, शिरूर कासार, पाटोदा लागते. तिथेही हीच जमीन आणि हेच जगणे आहे.

एकाच जिल्ह्यात एका बाजूला ऊस आणि दुसऱ्या बाजूला तो तोडणारे हात. पाथर्डी तालुक्यातून प्रवरा काठच्या कारखान्यावर जाणारे कुटुंब शंभर-सव्वाशे किलोमीटर जाते. जिल्हाधिकारी तोच, जिल्हा परिषद तीच. तरीही सहा महिने ते कुटुंब स्थलांतरित असते. तिथल्या ग्रामपंचायतीला ते आपले वाटत नाही, आणि गावच्या ग्रामपंचायतीच्या नजरेआड गेलेले असते.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून उभा राहिलेला प्रवरेचा कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. देशातला सहकारी तत्त्वावरचा पहिला यशस्वी साखर कारखाना म्हणून त्याची नोंद होते, आणि ती योग्यच आहे. खासगी कारखान्यांनी, व्यापाऱ्यांनी, सावकारांनी नाडलेल्या शेतकऱ्याला आपल्या उसाचा मालक आपणच होता येते हे त्या प्रयोगाने दाखवले. पुढे कोपरगाव, संजीवनी, राहुरी, संगमनेर, अशोक, मुळा, ज्ञानेश्वर, वृद्धेश्वर, अगस्ती, श्रीगोंदा, कुकडी अशी नावे जिल्ह्याच्या नकाशावर उमटत गेली. कारखान्यांबरोबर वसाहती उभ्या राहिल्या, शाळा, दवाखाने, महाविद्यालये आली. कार्यकारी संचालकाला बंगला, अभियंत्याला क्वार्टर, कायम कामगाराला चाळ, हंगामी कामगारालाही निदान एखादी खोली. घरांच्या या उतरंडीत तोडणी कामगाराचा खण कधी पाडलाच गेला नाही. मी हे सहकाराला खाली पाडण्यासाठी लिहीत नाही. या चळवळीने ग्रामीण महाराष्ट्राला जे दिले ते माझ्या घरानेही घेतले आहे. म्हणूनच हा रिकामा खण मला अधिक बोचतो.

सुरुवातीच्या वर्षांत आसपासचे मजूर पुरत. ऊस वाढला, कारखाने वाढले, तसे लांबून मजूर आणणे सुरू झाले. १९७२च्या दुष्काळाने या वाटेला मोठा रस्ता केला. दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेलेली कुटुंबे पुढल्या वर्षापासून कोयता घेऊन पश्चिमेला आणि उत्तरेला जाऊ लागली, आणि मग ती जातच राहिली. आज राज्यातल्या तोडणी मजुरांचे अंदाज आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत जातात. अंदाजांत एवढे अंतर का, याकडे पुढे येतो.

कोपीचे गणित कोयत्यापासून सुरू होते. ‘कोयता’ म्हणजे तोडणीचे हत्यार, आणि ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, टोळी कोयत्यांनी मोजतात, आणि कोपीही कोयत्यामागे एक. पावसाळ्यात मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो. ती बियाण्यात, आजारपणात, लग्नात, मागच्या देण्यात जाते. दसऱ्याला पाथर्डीच्या डोंगरात भगवानगडावर आणि मोहटादेवीला माणूस लोटतो, दिवाळी होते, आणि लगोलग ट्रक, ट्रॅक्टर दारात येऊन उभे राहतात. गावात म्हातारी माणसे, कुलुपे आणि थोडी शाळकरी मुले उरतात. अविवाहित मुलगा अर्धा कोयता ठरतो, लग्न झाले की पूर्ण. वयात आलेल्या मुलीला गावात कोणाच्या भरवशावर ठेवायचे आणि दार नसलेल्या कोपीत कसे ठेवायचे, या दोन भीतींच्या मध्ये तिचे लग्न लवकर उरकले जाते. बालविवाहावर बोलताना आपण अज्ञान, रूढी, हुंडा यांची नावे घेतो. आईबापांना विचारले तर ते आधी राहण्याच्या जागेचे नाव घेतात.

बाहेरून सगळ्या कोप्या सारख्या दिसतात, पण त्यांचे दोन प्रकार वाचकाने सुरुवातीलाच वेगळे करून ठेवावेत. बैलगाडी किंवा टायरगाडीवाले कारखान्याच्या जवळ राहतात. त्यांचा अड्डा मोठा असतो, कधी शंभर-दोनशे कोप्यांचा, आणि तो हंगामभर एका जागी टिकतो. पहाटे फडात जायचे, ऊस तोडून गाडी भरायची, ती कारखान्यावर रिकामी व्हायला रांगेत तास न् तास थांबायचे, आणि रात्री अड्ड्यावर परतायचे. अशा अड्ड्याला निदान ओळख असते. किराणावाला येतो, गिरणी सापडते, बैलांचा बाजार भरतो, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकून वरखर्चाला चार पैसे सुटतात. ट्रक-ट्रॅक्टरच्या टोळ्यांचे तसे नसते. कारखान्याचा शेतकी विभाग सांगेल त्या गावी जायचे, तिथला ऊस संपला की कोपी मोडून, गुंडाळून, ट्रॉलीत टाकून पुढल्या गावी. एका हंगामात घर अनेकदा मोडते आणि अनेकदा उभे राहते. या टोळ्या शेतकऱ्याच्या पडीक तुकड्यावर, कालव्याच्या कडेला, गायरानात, कुठे स्मशानालगत उतरतात. पाणी शेतकऱ्याच्या विहिरीवरून. तो भला असला तर मोटार चालू असताना हांडे भरून घेता येतात. नसला तर बाईने मैलभर चालायचे.

कोपी मुख्यतः बाई उभारते आणि बाईच सांभाळते, हे फार कमी ठिकाणी नोंदले गेले आहे. रोवायला आणि वाकवायला पुरुष असतो. पण पाचटाचा थर किती जाड हवा, तोंड कुठल्या दिशेला म्हणजे धूर आत येणार नाही, भोवती चर किती खोल खणला म्हणजे अवकाळीचे पाणी बाहेरून वाहून जाईल, हे ज्ञान तिच्याकडे असते, आईकडून आलेले. जाड पाचटाची कोपी दुपारी पत्र्याच्या शेडपेक्षा कितीतरी गार राहते आणि पौषातल्या थंडीत ऊब धरते. फुकटच्या साहित्यातून, हत्यारावाचून, एका दुपारी हे साधणे हे कौशल्य आहे आणि त्याला कौशल्यच म्हटले पाहिजे. त्याचे कौतुक करून आपण थांबलो मात्र, तर तिच्यावर अन्याय करू. निवड दिली असती तर तिने हे घर निवडले नसते.

ती पहाटे तीन-चारला उठते. भाकरी थापून, फडक्यात बांधून, अंधारात फडावर जाते. दिवसभर ऊस साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून फळीवर चढून गाडीत टाकायच्या. रात्री ट्रक आला तर रात्री भरायचा. या दिवसात न्हाणीला जाण्याची वेळ एकच, उजाडण्यापूर्वीची, आणि शौचाला जागा एकच, उसाचा फड. पाळीच्या दिवसांत कापड धुवायला पाणी नाही, वाळवायला आडोसा नाही, आणि सुट्टी घेतली तर खाडा भरून द्यावा लागतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यावर खासगी दवाखान्यांची लूट, मुकादमाचा दबाव, आरोग्यशिक्षणाचा अभाव अशी चर्चा झाली. ती सगळी कारणे खरी आहेत. पण जंतुसंसर्ग सुरू होतो तो पाणी आणि दार नसलेल्या घरात, आणि म्हणून या आकड्यांना निवाऱ्याच्या प्रश्नातही जागा हवी.

रात्रीची भीती वेगळी. पाचट कोरडे असते आणि चूल दोन हातांवर. एक ठिणगी, थोडा वारा, आणि ओळीने कोप्या जातात. उचलीतले उरलेले पैसे, कागदपत्रे, धान्य सगळे जाते. साप तर असतोच. आणि नगर जिल्ह्यात बिबट्या असतो. अकोले, संगमनेर, राहुरी, राहाता या भागांत उसानेच बिबट्याला घर दिले आहे. अकोले खोऱ्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभयारण्य नसलेल्या, दाट वस्तीच्या शेतजमिनीत बिबटे कायमचे राहतात आणि पिल्ले वाढवतात हे त्यातून स्पष्ट झाले. तोडणी सुरू झाली की बिबट्याचे घर एका बाजूने कमी होत जाते, आणि त्याच उसाच्या कडेला तोडणाऱ्यांचे घर असते. वनविभाग सूचना देतो: लहान मुलांना एकटे सोडू नका, रात्री दारे लावून झोपा. कोपीला लावायला दार नाही. आई फडात असताना मूल सांभाळायला त्याच्याहून दोन-चार वर्षांनी मोठी बहीण असते.

आता कायद्याकडे येतो, कारण ‘असे घर देणे कुणावर बंधनकारक आहे का’ हा प्रश्न वाचकाच्या मनात येणारच.

प्रवरेचा कारखाना सुरू झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, संसदेने मळे कामगारांचा कायदा केला. चहा, कॉफी, रबर आणि सिंकोना यांच्या मळ्यांवर काम करणाऱ्यांना मालकाने घर दिलेच पाहिजे, असे त्यात कलम होते. आसामातल्या चहामळ्यांच्या कामगार वस्त्यांची अवस्था काही सुखाची नाही, पण तिथल्या कामगाराला घराचा हक्क मागायला कायद्याचा आधार तरी आहे. ऊस त्या यादीत नव्हता, कारण ऊस मळेवाल्या कंपनीचा नसून शेतकऱ्याचा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर निवासाची जबाबदारी टाकली, पण राज्याची सीमा ओलांडली तरच. नंदुरबारहून गुजरातेत बारडोलीकडे जाणाऱ्या कुटुंबाला तो कागदोपत्री लागू होत होता. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकातच खानदेशातून तिकडे जाणाऱ्या तोडकऱ्यांवर लिहिले, आणि गुजरातेतही जोडीला ‘कोयता’च म्हणतात. बीड-नगरहून कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे जाणारेही त्यात आले. पाथर्डीहून लोणीला जाणारे मात्र त्यात कुठेच नाहीत. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात कामाच्या जागी तात्पुरते निवास, स्वयंपाकाची जागा, न्हाणी आणि शौचालय मालकाने विनामूल्य द्यावे, असे स्वच्छ लिहिले होते. हे तिन्ही कायदे आता कामाच्या सुरक्षिततेच्या २०२० च्या संहितेत सामावले गेले आहेत. राज्यातल्या राज्यात जाणारा ऊसतोड मजूर आधी तिघांच्याही कडेला उभा होता, आणि अजूनही ‘माझा मालक कोण’ या प्रश्नाशी अडकला आहे.

हा प्रश्न किचकट आहे आणि त्याला सोपे उत्तर देणाऱ्यांपासून सावध राहावे. मजूर मुकादमाकडून उचल घेतो. मुकादम किंवा वाहनमालक करार करतो तो कारखान्याने काढलेल्या स्वतंत्र तोडणी-वाहतूक संस्थेशी. तोडणीचा हुकूम कारखान्याचा शेतकी विभाग देतो. पैसे शेवटी शेतकऱ्याच्या उसाच्या किमतीतून वजा होतात. म्हणजे काम कारखाना ठरवतो, खर्च शेतकरी सोसतो, पैसा मुकादम वाटतो, आणि घर बाई बांधते. निवाऱ्यावर एक रुपया खर्च करायचा म्हटले तर तो कुठून काढायचा यावर हे सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. शेतकरी म्हणतो, तोडणी-वाहतुकीत आधीच माझे एवढे जातात. त्याचे खोटे नाही. दोन एकरवाल्या सभासदाची अवस्था मी जवळून पाहिली आहे. तरीही तो कारखान्याचा सभासद आहे, वार्षिक सभेत त्याला हात वर करता येतो. कोपीतल्या माणसाला त्या सभेत जागा नाही. उसाच्या दरावर आंदोलने झाली आणि व्हायलाच हवीत. तोडणीच्या दरावरही संप झाले, गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांच्या लवादाची परंपरा पडली, जानेवारी २०२४ मध्ये दरात ३४ टक्के वाढ ठरली. या सगळ्या बैठकांचा कणा दर आणि मुकादमाचे कमिशन हाच राहिला. राहण्याची जागा मागण्यांच्या यादीत तळाशी असते, आणि तडजोड सुरू झाली की तळच आधी सुटतो.

असे का होते याचा विचार करताना मला नेहमी माथाडी कामगार आठवतात. तेही याच मातीतले: सातारा, जुन्नर, पारनेर, संगमनेर इकडून मुंबईच्या मशीद बंदर, भायखळ्याच्या बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेलेले. त्यांनाही ठरलेला मालक नव्हता. आज या पेढीचे पोते, उद्या त्या पेढीचे. राहायला एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसे, जेवायला खानावळ. अण्णासाहेब पाटलांच्या संघटनेच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालक एक नाही ना, मग सगळ्या मालकांकडून मजुरीबरोबर लेव्ही घ्या आणि मंडळामार्फत ती कामगाराला द्या, अशी त्याची रचना. पुढे नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली इथे माथाडींच्या वसाहती उभ्या राहिल्या. सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण विस्कळीत मालकी हे घर न देण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढे या राज्याने स्वतःच्याच कायद्याने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ २०१९ नंतर आकाराला आले, आणि गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यावेत, तेवढेच शासनाने घालावेत, असे ठरले. हाही लेव्हीचाच मार्ग. त्या पैशातून ४१ तालुक्यांत मुलामुलींसाठी ८२ वसतिगृहे काढायची संत भगवानबाबांच्या नावाची योजना आली. मूल गावाकडे वसतिगृहात राहिले तर कोपीतून सुटेल, हा त्यामागचा विचार चांगला आहे. नव्वदच्या दशकात साखरशाळा निघाल्या तेव्हा विचार उलटा होता, शाळाच अड्ड्यावर न्यायची. दोन्हींत मुलाचा विचार झाला. कोपी जिथल्या तिथे राहिली.

आता आकड्यांचे. २०११ च्या जनगणनेसाठी घरयादी झाली ती २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबरात. त्या काळात पट्टा पडलेला, म्हणजे हंगाम संपलेला असतो, कोप्या मोडलेल्या असतात, माणसे गावी असतात. घर कसले, छत कशाचे, पाणी कुठून, शौचालय आहे का, हे सगळे प्रश्न या घरयादीत विचारले जातात. पाथर्डीतल्या कुटुंबाने आपल्या गावच्या घराची उत्तरे दिली. माणसे मोजली गेली ती ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत, म्हणजे हंगाम ऐन भरात असताना. घरे मोजायला आले तेव्हा कोपी नव्हती, आणि माणसे मोजायला आले तेव्हा कोपीविषयी कुणी विचारले नाही. २०२७ च्या जनगणनेचे वेळापत्रकही याच धाटणीचे आहे. कुणी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. देशभराची सोय पाहून ठरवलेल्या तारखा आहेत त्या. पण देशातल्या घरांच्या अधिकृत आकडेवारीत लाखो माणसांचे अर्ध्या वर्षाचे घर कुठेच नसते, आणि जे आकडेवारीत नसते त्यासाठी अंदाजपत्रकात ओळ निघत नाही. मजुरांच्या संख्येचे अंदाज एवढे लांबरुंद का, याचेही उत्तर बरेचसे इथेच आहे.

घरकुल योजनेची गंमत नव्हे, शोकांतिकाच म्हणावी लागेल. २०१६ नंतरच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाटीच्या भागात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचे घर मिळते. दक्षिण नगरमध्ये अनेक ऊसतोड कुटुंबांनी ते बांधले. पदरचे घातले, त्यासाठी जास्त उचल घेतली, म्हणजे पुढचे दोन-तीन हंगाम त्या भिंतींसाठी तोडले. त्या पक्क्या घराला दिवाळीनंतर कुलूप लागते. घर बांधण्यासाठी घराबाहेर राहावे लागते. आपल्या सगळ्या योजना एका कुटुंबाला एकच घर धरून चालतात. शहरातल्या स्थलांतरितांसाठी २०२० मध्ये परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची केंद्रीय योजना आली, पण ती शहरांपुरती. खेड्यातून खेड्यात जाणारा माणूस योजना आखणाऱ्याच्या डोळ्यासमोर अजून आलेला नाही.

तो एकदा आला होता, मार्च २०२० मध्ये. टाळेबंदी झाली आणि सगळ्या देशाला घरात थांबायला सांगितले गेले. हंगाम संपत आलेला, कारखान्यांची धुराडी एकेक थंड होत होती, आणि राज्यातल्या ३८ कारखान्यांवर सव्वा लाखाहून अधिक तोडणी कामगार अडकून पडले. वाढे संपलेले, बैलांना चारा नाही, काम बंद म्हणून मजुरी नाही, वर चैत्राचे ऊन. १७ एप्रिलला शासनाने तपासणी करून त्यांना गावी जाऊ देण्याचा आदेश काढला. मधल्या तीन-साडेतीन आठवड्यांत कोपी पहिल्यांदाच दिवसभराचे घर झाली, आणि दिवसभर राहण्यासाठी ती नाहीच, हे कारखान्याच्या साहेबांपासून गावच्या सरपंचापर्यंत सगळ्यांना दिसले. महामार्गांवरून चालत निघालेल्या शहरी मजुरांची छायाचित्रे जगभर गेली. अड्ड्यांवरची छायाचित्रे फारशी निघाली नाहीत.

शहराचा आणि अड्ड्याचा संबंध मात्र घट्ट आहे. पाठ धरली, वय झाले, किंवा उचलीचा फेरा चुकवायचा म्हणून जी कुटुंबे तोडणी सोडतात, त्यांतली पुष्कळशी पुण्याला जातात. हडपसर, वाघोली, हिंजवडी, चाकणच्या बाजूला इमारतींच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांची रांग दिसते. ती मजूर छावणी. खोली दहा बाय दहाची, दार असते, वीज असते, संडास सामाईक. कोपीतून आलेली बाई या खोलीविषयी पहिली गोष्ट सांगते ती कडीची. पत्रा उन्हाळ्यात भाजतो, भिंतीपलीकडचे सगळे ऐकू येते, पण आतून कडी लागते. शहरातल्या निवाऱ्यावर लिहिणारे या पत्र्याच्या खोलीला तळ मानून सुरुवात करतात. तिच्याखाली आणखी एक पायरी आहे हे त्यांना ठाऊक असावे, यासाठीही हे पुस्तक आहे.

यंत्राचा मुद्दा कुणी तरी काढेल. हार्वेस्टर वाढत आहेत, अनुदान मिळते आहे, मजूर कमी पडतात अशी कारखान्यांची तक्रार आहे, आणि काही वर्षांत कोपीच राहणार नाही असे सांगितले जाते. लहान तुकड्यांचा, बांधाबांधांचा, ओल्या रानातला ऊस यंत्र कसा तोडेल हा एक प्रश्न. दुसरा असा की, हे उत्तर मी तीन पिढ्यांना दिलेले ऐकले आहे, वेगवेगळ्या शब्दांत. सिंचन आले की स्थलांतर थांबेल, रोजगार हमी आली की थांबेल, आता यंत्र आले की थांबेल. थांबेपर्यंत राहायचे कुठे, याची जबाबदारी त्यामुळे कुणावर आली नाही.

करता येण्याजोगे काय आहे ते तोडणीवरच्या बायांना नीट माहीत आहे, आणि त्यांची यादी लहान आहे. बैलगाडी-टायरगाडीवाल्यांचे अड्डे बहुतेक ठिकाणी दरवर्षी त्याच जमिनीवर पडतात. तिथे सिमेंटचा ओटा, वर छप्पर, कडी लागणारे दार, पाण्याचा नळ, विजेचा खांब आणि बायांसाठी वेगळे न्हाणीघर-संडास एवढे बांधून ठेवले तर ते पुढचे वीस हंगाम उपयोगी पडेल. टनामागच्या लेव्हीतून ते होऊ शकते. फिरत्या टोळ्यांचे अवघड आहे. त्यांना सोबत नेता येईल असे काही तरी हवे: घडी होणारा सांगाडा, न पेटणारे छत, ट्रॉलीवरचे फिरते स्वच्छतागृह, आणि ज्या गावात टोळी उतरेल तिथल्या ग्रामपंचायतीने पाणी व दिवा द्यावा असा लेखी नियम. उसाची नोंद गटनंबरासह होते, कुठली टोळी कुठल्या तारखेला कुणाच्या फडात हे शेतकी विभागाच्या संगणकात असते, चिठ्ठीवर वजन किलोपर्यंत लिहिले जाते. तोच संगणक त्या रात्री ती टोळी कुठे उतरली आहे हेही सांगू शकतो. त्या नोंदीत एक रकाना वाढवायचा आहे: राहण्याची जागा.